लाजेची नोंद: शिश्नाच्या संसर्गाला नाव आणि क्रमांक कसा मिळाला

१/ सन १६६२. लंडनमधील जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने शहराच्या मृत्युपत्रकांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पत्रके चाळताना एका आकड्याने त्याला अडवले. 'फ्रेंच पॉक्स', म्हणजे आजच्या भाषेत सिफिलिस, शहरात किती बोकाळला आहे हे सर्वांना ठाऊक होते. पण २,२९,२५० मृत्यूंच्या नोंदींत या रोगाच्या नावावर जेमतेम ३९२ मृत्यू होते. एवढा सर्वत्र पसरलेला रोग इतक्या थोड्या माणसांना कसा मारतो? या प्रश्नापासून हा धागा सुरू होतो.

२/ ही पत्रके तयार कशी होत, हे आधी पाहू. एखाद्या घरी मृत्यू झाला की त्या पॅरिशमधील शपथ घेतलेल्या वृद्ध स्त्रिया प्रेत पाहायला जात. त्यांना 'सर्चर' म्हणत. त्या प्रेत पाहत, घरच्यांशी बोलत, वैद्याचे मत असल्यास ऐकत आणि मृत्यूचे कारण पॅरिशच्या कारकुनाला सांगत. कारकून ते लिहून पुढे पाठवी. या स्त्रियांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नसे आणि त्या बहुधा गरीब असत.

३/ ग्राँटने शोध घेतला तेव्हा उत्तर सापडले. खास या रोगासाठी असलेल्या किंग्जलंड आणि 'लॉक' या रुग्णालयांत दगावलेल्यांची नोंदसुद्धा 'व्रण व फोड' अशी होत होती. 'फ्रेंच पॉक्स' हे कारण फक्त सेंट जाइल्स आणि सेंट मार्टिन्स या दोन पॅरिशच्या कारकुनांकडून येत होते. तेथे सर्वांत दरिद्री वेश्यावस्ती होती. ग्राँटचा निष्कर्ष असा की ज्यांचा सर्वांना तिटकारा होता, ज्यांची नाके झडून गेली होती, अशांच्याच नावापुढे खरे कारण लिहिले जाई. इतरांची अब्रू सर्चरच्या हाती पडणारी काही नाणी राखीत.

४/ लोकसंख्याशास्त्राच्या पहिल्या पुस्तकांपैकी एकात ही गोष्ट नोंदलेली आहे. जननेंद्रियाच्या रोगाची नोंद दोन ठिकाणी बिघडते: वैद्याला रोग ओळखता येत नाही तेव्हा, आणि ओळखलेल्या रोगाचे नाव लिहिण्याची लाज वाटते तेव्हा. आज रुग्णालयातील केसपेपरवर शिश्नाच्या संसर्गासाठी 'एन ४८.२' असा कोरडा क्रमांक पडतो. त्या क्रमांकामागे या दोन्ही अडचणींशी झालेली काही शतकांची झटापट आहे.

५/ नावे देण्याचा प्रयत्न अर्थातच त्याहून फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शिश्नाच्या रोगांचा विचार दोन ठिकाणी येतो. बाराव्या अध्यायात 'उपदंश' असून त्याचे वात, पित्त, कफ, सन्निपात आणि रक्त असे पाच प्रकार सांगितले आहेत. चौदाव्या अध्यायाचा विषय आहे 'शूकदोष'. लिंग मोठे करण्याच्या हव्यासापायी त्यावर 'शूक' नावाचे दाहक द्रव्य लावणाऱ्यांना होणारे अठरा विकार तेथे मोजून दिले आहेत.

६/ त्या अठरा नावांत त्वक्पाक आहे, मांसपाक आहे, विद्रधी आहे. कातडी पिकणे, खालचे मांस पिकणे, खोल पू साचणे, असे फरक त्या ग्रंथकाराने डोळ्यांनी आणि बोटांनी टिपले होते. त्याने आणखी एक मोलाची गोष्ट केली. मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी आणि तिलकालक हे चार असाध्य, असे स्पष्ट सांगितले. वर्गीकरणाचा उपयोग तेथे रोगाचे भाकीत करण्यासाठी होता. वरवरची सूज आणि खोलवरची सडण यांत जीवनमरणाचे अंतर असते, ही जाण त्या यादीत दिसते.

७/ सोळाव्या शतकात नवा पाहुणा आला. भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंग रोग' हे नाव येते आणि त्याचे बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे तीन प्रकार दिले आहेत. फिरंग्यांनी आणला म्हणून फिरंग. इंग्रजांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा. बदनामीच्या रोगाला परक्याचे नाव देण्यात सारे जग एकमताचे होते. मराठीने मात्र आडपडद्याचे शब्द पसंत केले: गरमी, परमा, गुप्तरोग.

८/ पण नाव एक असले म्हणजे रोग एक असतोच असे नाही. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाचे मत होते की परमा आणि सिफिलिस हे एकाच विषाचे दोन आविष्कार आहेत. १७६७ मध्ये परम्याचा पू टोचून त्याने प्रयोग केला. तो स्वतःवर केला की दुसऱ्यावर, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ज्या रुग्णाचा पू घेतला त्याला बहुधा दोन्ही रोग होते. टोचलेल्या जागी सिफिलिसची लक्षणे उमटली आणि चुकीच्या सिद्धांतावर शिक्कामोर्तब झाले. १७८६ च्या त्याच्या ग्रंथामुळे ते मत अनेक दशके टिकले.

९/ ही गाठ उकलली पॅरिसमध्ये. फिलिप रिकॉर याने १८३८ मध्ये परमा आणि सिफिलिस वेगळे केले. १८५२ मध्ये लेओं बासेरो याने सिफिलिसचा कठीण व्रण आणि दुसरा एक मऊ, वेदनादायक व्रण यांतील भेद मांडला. १८८९ मध्ये नेपल्सच्या ऑगुस्तो दुक्रे याने त्या मऊ व्रणाचा जंतू दाखवला. एका अवयवावरील जखमेच्या पोटात किती रोग दडलेले असतात, हे एकेक करून बाहेर येऊ लागले.

१०/ या उकलीत भारताचाही वाटा आहे. कलकत्त्यात जन्मलेले चार्ल्स डोनोव्हन हे मद्रासमध्ये काम करणारे डॉक्टर होते. १९०५ मध्ये त्यांनी जननेंद्रियावरील एका जुनाट, चिघळत जाणाऱ्या व्रणात सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट कण पाहिले. तो रोग पुढे 'डोनोव्हनोसिस' म्हणून ओळखला गेला. आजच्या जागतिक यादीत सिफिलिस, मऊ व्रण आणि डोनोव्हनोसिस यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. मऊ व्रणाचा ए ५७ आणि त्याला लागूनच डोनोव्हनोसिसचा ए ५८.

११/ मोजणी कोणाची होते, हाही प्रश्न आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांच्या लैंगिक रोगांचे आकडे काटेकोरपणे ठेवले जात, कारण आजारी सैनिक म्हणजे सरकारचे थेट नुकसान. त्यावर उपाय म्हणून १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा आला. त्याने नोंदणी आणि सक्तीची तपासणी लादली ती वेश्याव्यवसायातील स्त्रियांवर. १८८८ मध्ये तो रद्द झाला. छावणीबाहेरच्या सामान्य पुरुषाचे दुखणे मात्र कोणत्याच वहीत नव्हते.

१२/ आता या कथेतील मुख्य प्रकरणाकडे. १८८३, पॅरिस. झाँ आल्फ्रेद फूर्निए हे रिकॉरचे शिष्य आणि त्या काळातील सिफिलिसचे अग्रगण्य जाणकार. त्यांनी एका व्याख्यानात पाच तरुणांची हकिकत मांडली. त्या आजाराला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो, 'शिश्नाचा विजेसारखा कोसळणारा गँगरीन'. धडधाकट तरुण, अचानक सुरुवात, पाहता पाहता काळी पडून सडणारी कातडी, आणि कारण काही सापडत नाही. सिफिलिसच्या पंडिताने सिफिलिस नसलेल्या रोगाला स्वतंत्र ओळख दिली.

१३/ असे रुग्ण यापूर्वी कोणी पाहिले नव्हते असे नाही. १७६४ मध्येच बोरिएन या फ्रेंच वैद्याने मिळतीजुळती हकिकत लिहिली होती. पण नाव चिकटले ते फूर्निएंचे. आणि गंमत अशी की आज 'फूर्निए गँगरीन' म्हणतात तो रोग त्यांच्या तीनही खुणांशी जुळत नाही. रुग्ण बहुधा मध्यमवयीन वा वृद्ध असतो. सुरुवात कधी कधी हळू होते. आणि कारण पुष्कळदा सापडते: गुदद्वाराजवळचे गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग, कातडीची जखम. सोबतीला अनेकदा मधुमेह असतो.

१४/ रोगाचे स्वरूप टप्प्याटप्प्याने कळत गेले. १९२४ मध्ये पेकिंगमध्ये काम करणाऱ्या फ्रँक मेलेनी यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे वेगाने पसरणाऱ्या गँगरीनचे वर्णन केले. १९५२ मध्ये विल्सन यांनी 'नेक्रोटायझिंग फॅसायटिस' ही संज्ञा दिली: कातडीखालच्या पडद्यांमधून पसरत जाणारी सडण. फूर्निए गँगरीन हा तिचाच जननेंद्रिय आणि मलद्वाराच्या भागातील प्रकार. त्यात बहुधा अनेक जातींचे जंतू एकत्र असतात. वरून थोडी लाली दिसते तेव्हा आत पुष्कळ मांस मेलेले असू शकते. सडलेला भाग तातडीने कापून काढणे हाच मुख्य उपचार.

१५/ रुग्णालयांत हे चालू असताना दुसरीकडे कारकुनांच्या टेबलांवर वेगळीच लढाई सुरू होती. इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली आणि आकडे संकलित करण्याचे काम विल्यम फार यांच्याकडे आले. १८३९ च्या पहिल्याच अहवालात त्यांनी तक्रार केली: एका रोगाला तीन-चार नावे, एका नावाखाली तितकेच रोग, आणि मूळ रोगाऐवजी त्यातून उद्भवलेली गुंतागुंतच नोंदलेली. वजनमापांशिवाय जसे भौतिक विज्ञान चालत नाही, तसे नेमक्या नावांशिवाय हे शास्त्र चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१६/ १८५३ च्या ब्रुसेल्स येथील सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांना सर्व देशांना चालेल अशी यादी करायला सांगितले. १८५५ मध्ये दोघे दोन याद्या घेऊन आले. देस्पिन यांनी रोग त्यांच्या प्रकृतीनुसार लावले होते. फार यांनी साथीचे रोग, सार्वदेहिक रोग, अवयवानुसार मांडलेले स्थानिक रोग, वाढीशी निगडित रोग आणि हिंसेचे परिणाम असे पाच गट केले होते. परिषदेने तडजोड म्हणून १३९ नोंदींची यादी स्वीकारली. पण पुढे टिकली ती फार यांची मांडणी.

१७/ १८९३ मध्ये पॅरिसचे सांख्यिकी अधिकारी जाक बर्तियों यांनी शिकागो येथे मृत्युकारणांचे नवे वर्गीकरण सादर केले. १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्याची पहिली सुधारणा झाली. दर दहा वर्षांनी फेरविचार करायचा असेही ठरले. १९४८ ची सहावी सुधारणा नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या छायेखाली आली. तिने मोठा बदल केला: यादी मृत्यूपुरती न राहता आजारांचीही झाली. माणूस बरा होऊन घरी गेला तरी त्याच्या दुखण्याला आता क्रमांक होता.

१८/ या मांडणीत शिश्नाच्या संसर्गाची जागा कोणती? येथे फार यांचा जुना पेच पुन्हा उभा राहतो: अवयव धरायचा की कारण? दहाव्या सुधारणेचे उत्तर असे आहे. सिफिलिस, परमा, मऊ व्रण हे जंतूवरून ओळखले जाणारे रोग संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात. सामान्य जंतूंमुळे झालेले गळू वा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या मऊ ऊतींची पसरती सूज, मूत्र व जननसंस्थेच्या प्रकरणात. पायाच्या सेल्युलायटिसची जागा त्वचारोगांत, एल ०३ खाली. शिश्नाचा सेल्युलायटिस तेथे चालत नाही. ती नोंद स्पष्ट शब्दांत एन ४८.२ कडे पाठवली आहे.

१९/ एन ४८.२ हीदेखील मूळची एक मोठी टोपलीच. 'शिश्नाचे इतर दाहजन्य विकार' या नावाखाली गळू, फोड, काळपुळी, सेल्युलायटिस सारे एकत्र. जंतू कळला असेल तर त्यासाठी जोड क्रमांक. अमेरिकेने आपल्या विस्तारित आवृत्तीत ही टोपली फोडली: एन ४८.२१ गळू, एन ४८.२२ सेल्युलायटिस, एन ४८.२९ उरलेले. शिश्नमुंडाच्या सुजेला निराळा एन ४८.१. ही आवृत्ती तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. सुश्रुताच्या त्वक्पाक आणि विद्रधीची आठवण व्हावी असाच हा भेद.

२०/ फूर्निए गँगरीनचा प्रवास आणखी बोलका आहे. अमेरिकेच्या आधीच्या आवृत्तीत तो ६०८.८३ या क्रमांकाखाली होता. त्या क्रमांकाचे शीर्षक होते 'पुरुष जननेंद्रियाचे रक्तवाहिन्यांचे विकार'. म्हणजे काही तासांत जीव घेऊ शकणारा संसर्ग साध्या रक्त साकळण्याच्या शेजारी बसवलेला. नव्या आवृत्तीत त्याला एन ४९.३ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. मोजणाऱ्यांना तो रोग प्रथमच सुटा, निखळ दिसू लागला.

२१/ मात्र क्रमांक कितीही नेमका असो, तो केसपेपरवरच्या शब्दांतूनच येतो. नियम असा की क्रमांक देणाऱ्याने तर्क करायचा नाही. डॉक्टरांनी 'गुप्तांगाला संसर्ग' एवढेच लिहिले तर नोंद 'अनिर्दिष्ट' राहते. जागा शिश्न की अंडकोशाची पिशवी, स्वरूप गळू की पसरती सूज की गँगरीन, जंतू कोणता, मूळचा मधुमेह आहे का, हे चार शब्द लिहिलेले हवेत. १९८३ पासून अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याचे रुग्णालयांना मिळणारे पैसे निदानगटांवर ठरू लागले. तेव्हापासून या शब्दांना रोकड किंमतही आली, आणि तिच्यासोबत रोग फुगवून लिहिण्याचा मोहही.

२२/ मृत्यूच्या नोंदीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वैद्यकीय मृत्यू प्रमाणपत्रात तात्काळ कारण आणि त्यामागचे मूळ कारण अशी साखळी लिहायची असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खाली महाराष्ट्रात रुग्णालयातील मृत्यूसाठी भरला जाणारा नमुना ४ याच साखळीचा आहे. फूर्निए गँगरीनने दगावलेल्या माणसाच्या कागदावर फक्त 'सेप्टिक शॉक' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले, की मूळ रोग नाहीसा होतो. कुटुंबाला हायसे वाटते. पण कागदाने तेच केलेले असते जे लंडनच्या सर्चरने 'व्रण व फोड' सांगून केले होते.

२३/ त्याने बिघडते काय? याचे उत्तर २०१८ मध्ये मिळाले. त्या वर्षी २९ ऑगस्टला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: एसजीएलटी-२ गटातील मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांमध्ये फूर्निए गँगरीन आढळला आहे. ही औषधे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात प्रशासनाकडे १२ रुग्णांची माहिती आली होती. बाराही जणांना रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली. एकाचा मृत्यू झाला. कोट्यवधी गोळ्यांच्या गर्दीत बारा रुग्णांचा हा धागा पकडता आला, कारण बारा ठिकाणी कोणीतरी संकोच न करता रोगाचे पूर्ण नाव लिहिले होते.

२४/ या बारांत ७ पुरुष होते आणि ५ स्त्रिया. फूर्निएंनी शिश्नाचा म्हणून वर्णिलेला रोग स्त्रियांनाही होतो, हे डॉक्टरांना माहीत होते. वर्गीकरणाला मात्र नव्हते. एन ४९.३ हा क्रमांक पुरुष जननेंद्रियाच्या गटात बसवलेला. स्त्रीच्या बाबतीत त्याच रोगाला नेमकी जागा नव्हती. काही वर्षांनी अमेरिकी आवृत्तीत स्त्रियांसाठी एन ७६.८२ हा वेगळा क्रमांक जोडण्यात आला. १८८३ च्या एका व्याख्यानातील पाच तरुणांची सावली यादीवर इतका काळ पडून होती.

२५/ शिश्नाच्या संसर्गात रुग्ण बहुधा उशिरा येतो. आधी घरगुती लेप, मग औषधाच्या दुकानातून आणलेले मलम, मग गावाबाहेरच्या डॉक्टरचा शोध. साधे गळू असेल तर तो उशीर पचतो. आत सडण सुरू झाली असेल तर तास मोजावे लागतात. ताप, दिसते त्याहून कितीतरी अधिक वेदना, पसरती लाली आणि काळे डाग दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. लाज रुग्णाच्या मनात असते, ती डॉक्टरांच्या लेखणीत उतरते आणि शेवटी सरकारी तक्त्यात शून्य होऊन बसते.

२६/ ग्राँटने ते शून्य वाचायला शिकवले. ३९२ हा आकडा खोटा आहे हे त्याने ओळखले, तो खोटा का आहे हे चौकशी करून शोधले, आणि कोणाची बदनामी लिहिली जाते व कोणाची झाकली जाते हे सांगितले. आज सर्चरची जागा डॉक्टर आणि संगणकासमोर बसलेल्या क्रमांक-लेखकाने घेतली आहे. जागतिक यादीची अकरावी सुधारणाही २०२२ पासून अमलात आली आहे. तरीही रात्रपाळीत केसपेपर भरताना 'शिश्न' हा शब्द लिहायचा की 'गुप्तांग' लिहून मोकळे व्हायचे, हा निर्णय अजून एकट्या माणसालाच करावा लागतो.

(धागा समाप्त)